रिकामा ग्लास आधी

६ मार्च

प्रिय वहिनी,

तुझं पाकीट काल मिळालं. दरवर्षीप्रमाणे शालच असणार म्हणून मी कपाटात जागासुद्धा करून ठेवली होती, तर आतून निघालं कुपन. दोन जणांचं जेवण, वाइनसह, आणि तेही माझ्या खिडकीसमोरच्या त्या इटालियन बिस्ट्रोचं. सहा तासांच्या प्रवासावर बसून तू फोनवरून हे जमवलंस, म्हणजे धन्य आहे तुझी. फक्त ‘साठीच्या शुभेच्छा’ हे पाकिटाच्या बाहेरच्या बाजूला लिहायची काही गरज नव्हती. पोस्टमनने जिन्यातच अभिनंदन केलं आणि मग तळमजल्यापासून सगळ्यांनी.

ती जागा तुला आठवत असेल. पूर्वी तिथे ड्रायक्लीनर होता, त्याच्याकडे दादाचा कोट हरवला होता. गेल्या वर्षी एका जोडप्याने ती घेतली. आत सहा टेबलं, बाहेर फुटपाथवर दोन, दारात काळी पाटी आणि तिच्यावर खडूने लिहिलेले त्या दिवशीचे पदार्थ. बायको रांधते, नवरा वाढतो. नवऱ्याला अशा भरघोस मिशा आहेत की मी त्याला मनातल्या मनात मिशीवालाच म्हणते. वर्षभर मी खिडकीतून त्यांचं सगळं बघते आहे, पण आत पाऊल टाकलेलं नाही. एक गोष्ट मात्र मला कळत नाही. ताटल्या चाटूनपुसून साफ होऊन आत जातात आणि ग्लास अर्धे भरलेलेच परत जातात. विकतची वाइन टाकून लोक उठतात कसे?

आता खरं सांगते, दादाला वाचून दाखवू नकोस. मला जायची फार इच्छा आहे आणि तितकीच भीती वाटते आहे. एकतीस वर्षं मी साबणाच्या कारखान्यात वास तपासायच्या खोलीत बसले. पांढऱ्या बशीतून वडीचा तुकडा यायचा, मी हुंगायचे, आणि कागदावर ‘पास’ किंवा ‘नाकारला’ लिहून सही करायचे. कारखाना मला नाकबाई म्हणायचा. मग यंत्र आलं. मी साबणाचा एक घाणा कुबट म्हणून नाकारला, यंत्राने तो पास केला, आणि साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, “बाई, तुमचं नाक थकलं आता.” या गोष्टीला दोन वर्षं झाली. तेव्हापासून दूध नासलंय का हे मी शेजारणीला विचारते. बाहेर निघाले की गॅस बंद आहे ना, हे बघायला तीन-तीनदा जिना चढून परत येते. वास आला असता तर कळलं असतं, असं स्वतःला सांगायची सोय राहिली नाही.

तिथे इतक्या हौसेने जाऊन बसले आणि कशालाच वास आला नाही, तर काय करू?

तुझी,
नाकबाई (निवृत्त)

१० मार्च

प्रिय वन्सं,

‘वन्सं’ म्हटलं म्हणून लगेच हुरळून जाऊ नकोस, अहो-जाहो तुझ्या वाट्याला यायचं नाही. मी तुझ्याहून चार वर्षांनी मोठी आहे आणि तुझ्या दादाला गाडी चालवायला शिकवलेली बाई आहे. त्यानंतर जगात मला कशाची भीती राहिली नाही.

फोनवर आपण दोघी एकदमच बोलतो आणि कोणीच ऐकत नाही, म्हणून सगळं नीट लिहून पाठवते. एकटीने जायचं. शेजारणीला नेऊ नकोस, ती तुझ्या ताटलीतलं खाईल. कुपनाला मधोमध टोचे आहेत, तुझा अर्धा भाग फाडून दे आणि दुसरा जपून ठेव. दाराकडे तोंड करून बस. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नवीन आलेल्या बाईला मी पहिल्या दिवशी हेच सांगते, की समोरचं दिसलं की हात कापत नाहीत. पास्ता काट्यावर गुंडाळायचा, सुरीने कापायचा नाही. कापलास तरी जग बुडणार नाही, पण मिशीवाल्याचा जीव खालीवर होईल.

आणि एक रीत सांगून ठेवते, नाहीतर गोंधळशील. तो बाटली उघडेल, तुझ्या ग्लासात घोटभर ओतेल आणि तसाच उभा राहील. तू चाखून होकार द्यायचा, मग तो ग्लास भरतो. तो नुसता शिष्टाचार असतो. ‘छान’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

तुझं नाक थकलेलं नाही, रुसलेलं आहे. त्याला चांगलंचुंगलं दाखव, येईल ताळ्यावर. तुझा दादा म्हणतो, तिथे कोटाची चौकशी कर.

वहिनी

१५ मार्च

प्रिय वहिनी,

जाऊन आले. ठेवणीतले कपडे घातले, ठेवणीतल्या चपला घातल्या, गॅस तीनदा बघितला आणि रस्ता ओलांडायला, तुला खोटं वाटेल, पंधरा मिनिटं लावली. दोनदा चालत कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आले. मिशीवाल्याने दार उघडून धरलं आणि म्हणाला, “या, खिडकीतल्या ताई.” म्हणजे वर्षभर तोही मला बघतच होता.

काय सुरेख जागा आहे ती. पिवळे दिवे, विटांची भिंत, लांबलचक बार, वर दांडीला काही ग्लास उलटे टांगलेले, आणि मागे भलंमोठं नवं कोरं कपाट काचेच्या दारांचं, त्यात रांगेने तसलेच ग्लास. शेजारच्या टेबलावर एक म्हातारं जोडपं एकाच ताटलीतून खात होतं आणि भांडत होतं. मला इतका आनंद झाला होता की मेनू उलटा धरला होता, हे मिशीवाल्याने सांगितल्यावर कळलं.

मग तुझी ती रीत आली. त्याने कपाटातून ग्लास काढला, बाटली उघडली, घोटभर ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला. वहिनी, मला ‘छान’ म्हणायचं होतं. पाठ करून गेले होते. पण कोणी काही समोर ठेवून असं उभं राहिलं की माझं एकतीस वर्षांचं अंग आपोआप कामाला लागतं. डोळे मिटले, तीन वेळा आखूड श्वास घेतला, आणि तोंडातून निघून गेलं, “नाकारला.”

त्याला वाटलं मी थट्टा करते. मी म्हटलं, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय. त्याने स्वतःसाठी दांडीवरचा एक ग्लास काढला, त्यात ओतून घेतली, हुंगली, चाखली आणि म्हणाला, मला तर काहीच वाटत नाही. तरी बिचाऱ्याने दुसरी बाटली उघडली आणि कपाटातून दुसरा ग्लास काढला. तीही मी नाकारली. त्याने पुन्हा आपल्या ग्लासातून चाखली आणि पुन्हा म्हणाला, काहीच नाही. आजूबाजूचे लोक हसले, मीही हसले. मग मी पाणी मागवलं.

जेवण उत्तम होतं. मश्रूमचा रिसोटो, म्हणजे त्यांचा आसट भात, नंतर मासा, नंतर गोडाला तिरामिसू. सगळं वेळेवर आलं, गरम होतं, ताटल्या स्वच्छ होत्या. एकूण मजा आली. गडबडीत छत्री मात्र तिथेच विसरले.

कोटाची चौकशी केली नाही.

तुझी,
नणंद

१९ मार्च

प्रिय वन्सं,

पत्र वाचून हसून हसून पुरेवाट झाली. ‘नाकारला’ म्हणे. तुझ्या दादाने दोन दिवस घरात हेच चालवलं आहे, काल माझी भाजीसुद्धा नाकारली. मग त्याला म्हटलं, उद्यापासून तूच कर. लगेच पास झाली.

पण मी तुला चाळीस वर्षं ओळखते. रिसोटो गरम होता आणि ताटल्या स्वच्छ होत्या, असं तू लिहिलंस. एकाही पदार्थाचा वास लिहिला नाहीस. माझ्या लग्नात तू प्रत्येक पाहुण्याच्या अत्तराचं नाव सांगत फिरत होतीस, ते मी विसरलेले नाही. तेव्हा एक सांगते, राग मानू नकोस. एकतीस वर्षं राबलेल्या नाकाने आता विश्रांती घेतली म्हणून काय बिघडलं? माझे गुडघे गेले, दादाचे केस गेले, आम्ही काय रडत बसलो? छत्री आणायला बिनधास्त जा. ती भली माणसं दिसतात, कोणी तुला काही बोलणार नाही, याची मला खात्री आहे.

वहिनी

२४ मार्च

सौ. वहिनी यांस,

छत्री मिळाली. देताना मालक मिशीतल्या मिशीत हसून म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका हं ताई. तुमच्या वहिनींचा फोन आला होता. वयाने नाक जातं एकेकाचं, आम्ही समजून घेतलं.” तुम्हाला कसली खात्री होती, ते आता मला कळलं.

त्या दिवशी एक गोष्ट मी तुम्हाला लिहिली नव्हती. दुसरी बाटली परत गेली तेव्हा मागच्या टेबलावरून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “फुकटात मिळालं की नखरे सुचतात.” ते ऐकलं आणि माझ्या जिभेची चवच गेली. रिसोटो मी कसाबसा गिळला. तरी मनाच्या एका कोपऱ्यात होतं की मला वास आला होता, खरोखर आला होता, आणि निदान तुम्ही तरी विचाराल, “वास कसला होता?” साहेबांनी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. उलट माझ्या माघारी माझं नाक मेल्याचं सांगून मोकळ्या झालात.

कुपनाचा उरलेला अर्धा भाग सोबत जोडला आहे.

तुमची,
नणंद

२८ मार्च

प्रिय वन्सं,

तुझं ‘तुम्ही’ वाचलं आणि हातातला चहा तसाच राहिला. चाळीस वर्षांत तू मला एकदाच ‘तुम्ही’ म्हणाली होतीस, मी घरात नवी होते तेव्हा. ते पहिल्या आठवड्यातच सुटलं होतं.

फोन केला. चुकलं माझं. लपवलं, ते त्याहून मोठं चुकलं. सारवासारव करत नाही, पण हे कसं घडलं ते ऐक. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखालीही एक ब्रेक असतो. समोरची बाई नीट चालवत असते, पण मला क्षणभर भीती वाटते आणि पाय दाबला जातो. गाडी धक्का खाऊन थांबते आणि ती बाई माझ्याकडे अशी बघते की मला माझी लाज वाटते. तुझं पत्र वाचलं आणि माझा पाय दाबला गेला. तू काही ठोकणार नव्हतीस. मीच घाबरले होते.

आता मी तो प्रश्न उशिराने विचारते. वास कसला होता, ते तू आधीच लिहिलं होतंस, ओल्या पुठ्ठ्याचा. मी हसण्याच्या नादात ते नीट वाचलंच नाही. काल तुझं १५ तारखेचं पत्र काढून चार वेळा वाचलं. गाडी एका बाजूला ओढत असेल तर मी आधी चालवणाऱ्याला दोष देत नाही. त्याच बाईला दुसऱ्या गाडीत बसवते. मग कळतं, दोष गाडीचा की हाताचा. तुझ्याकडे बाटल्या दोन आल्या, तरी वास एकच. त्या दोन्ही बाटल्यांतलं मिशीवाल्याने चाखलं, त्याला वास नाही. मग तुझ्यात आणि त्याच्यात वेगळं काय होतं? तुझा ग्लास कपाटातला होता, वन्सं. दोन्ही वेळा. त्याचा दांडीवरचा होता.

आणि मला एक आठवलं. तू कारखान्यात नवी लागलीस तेव्हा रोज घरी येऊन कुरकुर करायचीस, की म्हातारे मास्तर महिनाभर नुसत्या रिकाम्या बशा हुंगायला लावतात. ते का लावायचे, ते तूच मला सांगितलं होतंस.

कुपन परत पाठवते आहे. फाडलंस तरी चालेल, पण त्याआधी एकदा जाऊन ये. मी फोन करणार नाही. फोनच्या वायरीला गाठ मारून ठेवली आहे.

चुकलेली,
वहिनी

३ एप्रिल

प्रिय वहिनी,

तू, तू, तू. घे, तीनदा लिहिलं, हिशेब मिटला.

तुझं पत्र उभ्या उभ्या वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. रिकामी बशी आधी. मास्तरांचा पहिला धडा होता तो. बशीचाच वास असेल तर वडीला दोष देऊ नये, म्हणून रोज सकाळी आधी रिकाम्या बशा. एकतीस वर्षं एक दिवस चुकले नाही, आणि ज्या दिवशी जिवाला सगळ्यात जास्त लागून राहिलं होतं त्या दिवशी आनंदाच्या भरात नेमकी चुकले.

दुपारी चार वाजता गेले. शटर अर्धं वर होतं. मिशीवाला भांडी लावत होता, मला बघून त्याचा चेहराच पडला. म्हणाला, “ताई, आज कोणती बाटली?” मी म्हटलं, “बाटली नको, रिकामा ग्लास द्या. कपाटातला.” त्याने दिला. मी नाकाशी धरला आणि वहिनी, तोच वास. ओला पुठ्ठा. मग दांडीवरचा मागितला. काही नाही, नुसती काच.

एवढ्यावर मी थांबले नाही. मला आता कोणाची दया नको होती, तुझीसुद्धा नाही. आतून बायको आली, हात पिठाने भरलेले. तिला म्हटलं, माझी परीक्षा घ्या. एकाच बाटलीतली वाइन सहा सारख्या ग्लासांत ओता, तीन कपाटातले, तीन टांगलेले. प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवा, जागा हव्या तशा बदला, मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. भिंतीकडे बघत मी विटा मोजत होते, हे कबूल करते. साहेबांचा गोड आवाज कानात होता. आता चुकले असते तर मग परत कधी खिडकीतही बसले नसते.

वळले. एकेक ग्लास हुंगला. दुसरा, तिसरा आणि सहावा बाजूला काढले. बायकोने चिठ्ठ्या उलटल्या. तिन्हीवर लिहिलं होतं, कपाट.

बायकोने सरळ जाऊन कपाटाचं दार उघडलं, ग्लास भराभर खाली काढले आणि फळीवरचा जाड पुठ्ठा उचलला. खालून काळा पडलेला, ओलसर. मागची भिंत ड्रायक्लीनरच्या वाफेच्या खोलीची आहे, तिच्यात ओल मुरलेली. ग्लास त्या पुठ्ठ्यावर पालथे घातलेले, मग वास जाणार कुठे, आतच कोंडून बसायचा. त्या दोघांना तो येत नव्हता कारण ती दोघं दिवसभर तिथेच असतात. आमच्या वड्या सुकवायच्या खोलीतल्या बायकांना साबणाचा वास येत नसे, तसंच हे. लोक वाइन अर्धी टाकून जातात म्हणून त्यांनी वर्षभरात तीन व्यापारी बदलले होते, आणि पुढच्या महिन्यापासून वाइन बंद करून पाटीवरचं तिचं नाव पुसून टाकायचं असं ठरवलं होतं. बायको एका खोक्यावर बसली, आधी हसली, मग डोळे पुसायला लागली आणि गालाला पीठ लावून घेतलं. मिशीवाला मला म्हणाला, “ताई, मी तुम्हाला काय काय बोललो.” मी म्हटलं, “तुम्ही नाही हो, माझी भावजय बोलली. तिची काय शिक्षा ते मी बघते.”

मग त्याने दांडीवरचा ग्लास पुसला, घोटभर ओतली आणि हात मागे बांधून उभा राहिला. मी मुद्दाम वेळ लावला. उभं राहू दे म्हटलं. आधी काळ्या मनुका आल्या, मग जुन्या लाकडी पेटीचा वास, आणि अगदी शेवटी मिरीची चिमूट. आणि त्या पाठोपाठ आतून सगळं स्वयंपाकघरच चालून आलं, लोण्यात पडलेला लसूण, लिंबाची साल, भट्टीतला पाव. दोन वर्षं कुठे होतं हे सगळं? मी रडले, वहिनी, लाज वाटली नाही. आणि म्हटलं, “पास.”

आता रोज चार वाजता मी तिथे जाते. ग्लास, तेल, चीज, वाइन, सगळं आधी माझ्या नाकाखालून जातं. मिशीवाल्याने मला एक छोटी पाटी आणि खडू दिला आहे, मी सही करते. बदल्यात कोपऱ्यातलं टेबल माझं, रोजच्या जेवणासह. कारखान्याचा तो घाणा कुबट होता की नव्हता, हे आता मला कोणी सांगायला नको.

तुझी शिक्षा अशी: कुपनाचा उरलेला अर्धा भाग माझ्याजवळ आहे, पुढच्या गुरुवारी तू यायचंस आणि तो वापरायचास. दादाला घरी ठेव, नाहीतर आण, पण कोटाचं नाव काढायचं नाही. मिशीवाल्याला मी सांगितलं आहे की माझी भावजय येते आहे, तिच्या पायापाशी काही ठेवू नका, सवयीने दाबेल.

एक राहिलं. काल संध्याकाळी मी तिथे माझ्या टेबलावर बसले होते. रिसोटो अर्धा संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की निघताना दार ओढून घेतलं, जिना उतरले, रस्ता ओलांडला, आणि गॅस बघायला एकदाही परत वर गेले नव्हते.

तुझीच,
नाकबाई